थोरला पूल, धाकटा पूल

गुजरातेतील हजिऱ्यापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, जो क्रमांक बदलण्यापूर्वी महामार्ग ६ म्हणून ओळखला जाई, बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातून मलकापूर, नांदुरा आणि खामगाव या शहरांना जोडत पुढे अकोल्याकडे जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे धावणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले या पूर्व-पश्चिम रस्त्याला जवळजवळ काटकोनात छेदतात, त्यामुळे पुलांवाचून हा महामार्ग पावसाळ्यात दोन गावांपुरताही सलग राहिला नसता. असा दुपदरी रस्ता चौपदरी होतो तेव्हा नदीवरचा जुना पूल पाडून एकच रुंद पूल बांधण्याऐवजी, जुन्याला लागून दुसरा पूल उभारायचा आणि दोहोंवरून एकेका दिशेची वाहतूक न्यायची, ही आपल्या देशातील रूढ पद्धत आहे. अशा जोडीलाच जोडपूल म्हणतात. वरून जाणाऱ्या प्रवाशाला तो एकाच रस्त्याच्या दोन बाजू वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यातील दोन पुलांचे वय, बांधणी, पाया आणि ज्या भारासाठी ते आखले गेले तो भार, यांपैकी एकही गोष्ट सारखी असेलच असे नाही.

या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दुःखद उदाहरण महाडच्या सावित्री नदीवरील जोडपुलाचे आहे. तो इतिहास कोकणातला असला, तरी जेथे जेथे महामार्ग रुंद होत आहे आणि जुन्या पुलाशेजारी नवा उभा राहत आहे, तेथील प्रत्येक नागरिकाने तो तपशिलाने जाणून घेण्याजोगा आहे.

त्यासाठी आधी जुने पूल कोणत्या काळातले आहेत हे पाहावे लागते. राष्ट्रीय महामार्ग ही आज सर्वपरिचित असलेली कल्पना फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढू लागल्या आणि बैलगाडीसाठी केलेले रस्ते उखडू लागले, तेव्हा हिंदुस्थान सरकारने १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली. या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्ते आणि पूल यांची मानके ठरवणारी अभियंत्यांची संस्था, अस्तित्वात आली. पुढे १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी वर्गवारी मांडली, जी ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्ग अधिनियम संमत झाला. आज महामार्गांवर असलेले अनेक जुने पूल या साऱ्या व्यवस्थेच्या आधीचे किंवा तिच्या बाल्यावस्थेतले आहेत. महाडचा पूल १९२८चा, म्हणजे जयकर समितीचे काम चालू असतानाचा; तो बांधला गेला तेव्हा पुलावर किती भार धरावा याचे देशव्यापी मानक तयारच झालेले नव्हते. त्यानंतर रोड्स काँग्रेसने घालून दिलेल्या नियमांत ७० टनांचे साखळीवाहन आणि १०० टनांचे चाकांचे वाहन पेलण्याइतका पूल सक्षम असावा अशी अपेक्षा आली. जुने पूल हे ओझे पेलत राहिले याचे श्रेय त्यांच्या बांधणाऱ्यांनी दगडात ठेवलेल्या उदार सुरक्षा-अंतराला द्यावे लागते.

सावित्री महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते, जेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून ती सह्याद्रीचा तीव्र उतार थोड्याच अंतरात उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते, गांधारी नदीला आपल्यात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. महाडपर्यंत येताना नदीचा वेग डोंगरी असतो आणि तेथून पुढे तिला भरतीचा अडथळा होतो. हे शहर एके काळी खाडीमार्गे होणाऱ्या व्यापाराची मोठी पेठ होते. रायगडाच्या पायथ्याचा हा परिसर आणि १९२७ सालचा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांमुळे महाराष्ट्राच्या मनात त्याला वेगळे स्थान आहे. त्या सत्याग्रहानंतर पुढच्याच वर्षी शहरालगत सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. पुढे मुंबई–गोवा महामार्ग क्रमांक १७, आताचा ६६, याच पुलावरून गेला.

दगडी कमान कशी टिकते हे समजून घेतल्यावाचून पुढील घटना उमगणार नाही. कमानीतील दगड एकमेकांवर दाबले जातात आणि वरचे सारे ओझे हा दाब बाजूच्या खांबांकडे तिरकस ढकलतो. सलग कमानींच्या पुलात प्रत्येक खांबाला डावीकडून आणि उजवीकडून सारखाच रेटा बसत असल्याने तो सरळ उभा राहतो. खांब प्रचंड जाड असण्याची गरज पडत नाही, आणि दगड दाबात फारच बळकट असल्यामुळे अशी बांधणी शतकानुशतके टिकू शकते. मात्र एका खांबाखालची जमीन सरकली तर त्याच्यावर टेकलेल्या दोन्ही कमानी जातात, त्या गेल्या की शेजारच्या खांबांवरचा एका बाजूचा रेटा नाहीसा होतो आणि दुसऱ्या बाजूच्या रेट्याने तेही कलंडतात. लोखंडी किंवा काँक्रीटच्या तुळयांचा साधा पूल असेल तर एक खांब गेल्यास सामान्यतः त्याला लागून असलेले दोन गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, कोसळतात. कमानींच्या पुलाचा बराच मोठा भाग काही क्षणांत नाहीसा होऊ शकतो, आणि त्याआधी वर चालणाऱ्या वाहनाला भेग, खचणे किंवा हादरा यांपैकी कोणताही इशारा मिळेलच असे नाही.

गोवा महामार्गावरील वाहतूक वाढत गेली आणि ब्रिटिशकालीन पुलांची अरुंदी जीवघेणी ठरू लागली. त्याच महामार्गावर खेडजवळ जगबुडी नदीच्या अरुंद जुन्या पुलावरून १९ मार्च २०१३ रोजी एक खाजगी बस कठडा तोडून खाली कोसळली आणि ३७ प्रवासी मृत्युमुखी पडले, ही घटना त्या अरुंदीची साक्ष आहे. महाडला या शतकाच्या आरंभी दगडी पुलाशेजारी काँक्रीटचा नवा पूल बांधला गेला. तेव्हापासून सावित्रीवर जोडपूल झाला आणि वाहतुकीची वाटणी ठरली: मुंबईकडून गोव्याकडे जाणारी वाहने धाकट्या पुलावरून आणि गोव्याकडून मुंबईकडे येणारी वाहने थोरल्या पुलावरून. दोन दिशांची वाहने समोरासमोर येण्याचा प्रश्न या वाटणीने सुटला, वाहतूक सुरळीत झाली, आणि नेमक्या याच सुरळीतपणामुळे जुन्या पुलाच्या निवृत्तीचा प्रश्न मागे पडला. नवा पूल झाल्यावर जुन्यावरचा भार निम्मा झाला हे खरे, पण त्याचे वय निम्मे झाले नाही, आणि नदीच्या दृष्टीने तर त्याच्या स्थितीत काहीच बदल झाला नाही, कारण पुराचे पाणी दोन्ही पुलांखालून तेवढेच जाते.

२ ऑगस्ट २०१६ ही आषाढ अमावास्या होती. सह्याद्रीवर मुसळधार पाऊस चालू होता, सावित्रीला मोठा पूर होता आणि अमावास्येमुळे समुद्राला उधाणाची भरती असण्याचा तो काळ होता, ज्यात खाडीकडे जाणारे पाणी सहजी ओसरत नाही. रात्री साडेअकराच्या सुमारास दगडी पुलाचा मोठा भाग वाहून गेला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या एसटीच्या दोन बसगाड्या आणि एक तवेरा मोटार अंधारात त्या पोकळीत कोसळल्या. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या ध्यानात पूल नसल्याचे आले आणि त्याने आरडाओरड करून मागून येणारी वाहने रोखली. त्याच्या प्रसंगावधानाने किती जीव वाचले याची गणती होऊ शकत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदलाचे पाणबुडे आणि तटरक्षक दल यांनी मगरींचा वावर असलेल्या त्या गढूळ, वेगवान पाण्यात शोध घेतला. दोरखंडाला बांधलेले सुमारे ३०० किलो वजनाचे लोहचुंबक पात्रात फिरवण्यात आले. ११ ऑगस्टला एका बसचा सांगाडा सापडला, १३ ऑगस्टला दुसऱ्या बसचा. चाळीसच्या आसपास माणसे गेली. काहींचे मृतदेह खाडीतून वाहत समुद्रकिनाऱ्यावर मिळाले आणि काहींचे मिळालेच नाहीत.

राज्य सरकारने त्या वेळी सांगितले की मे २०१६ मध्ये, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, पुलाची पाहणी झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता. या विधानाची सत्यता गृहीत धरली, तरी त्यातून पुढे येणारा प्रश्न अधिक गंभीर आहे: उन्हाळ्यात कठडा, रस्त्याचा पृष्ठभाग आणि कमानीचे दिसणारे दगड पाहून पुलाच्या पायाविषयी काय कळते? वाहते पाणी खांबाला अडले की खांबाच्या पुढच्या बाजूला ते खाली वळते, तळाशी भोवरे तयार होतात आणि वाळू-गोटे उकरले जातात. पायाभोवती पडणाऱ्या या खड्ड्याला अभियंते ‘स्काउर’ म्हणतात. मराठीत त्याला तळाची धूप म्हणता येईल. ही धूप पुराच्या माथ्यावर सर्वाधिक असते आणि पूर ओसरताना वाहून येणारा गाळ तोच खड्डा पुन्हा भरून टाकतो, त्यामुळे मे महिन्यात कोरड्या पात्रात उभे राहून पाहणाऱ्याला पाया सुरक्षित दिसू शकतो. जगभरात नदीवरील पूल पडण्याच्या कारणांत वाहनांच्या ओझ्यापेक्षा पाण्याचा वाटा मोठा आहे, आणि सर्वसाधारण पाहणी मात्र ओझ्याच्या खुणा शोधण्यात खर्च होते.

याच कारणाने अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात ५ एप्रिल १९८७ रोजी स्कोहॅरी नदीवरील द्रुतगती मार्गाचा पूल पडून १० जण मरण पावले, आणि त्यानंतर तेथे पुलांच्या पाण्याखालील भागांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचा नियम झाला. महाडशी अधिक जवळचे साम्य पोर्तुगालमधील एका घटनेचे आहे. डोरू नदीवरचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हिंट्झ रिबेरू पूल ४ मार्च २००१ च्या रात्री पुरात कोसळला आणि एक बस व तीन मोटारींतील ५९ माणसे गेली. तेथेही मृतदेह समुद्रापर्यंत वाहत गेले. चौकशीत पुढे आले की नदीपात्रातून वर्षानुवर्षे झालेल्या वाळूउपशाने तळ खोल गेला होता आणि खांबाचा पाया उघडा पडला होता. त्या देशाच्या संबंधित मंत्र्याने तत्काळ राजीनामा दिला.

महाडला वाहून गेलेल्या पुलाऐवजी बांधलेल्या नव्या पुलाचे काम मात्र अपवादात्मक वेगाने झाले, हे नोंदवलेच पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी १८० दिवसांत पूल देण्याचे जाहीर केले होते; २३९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असा तीन पदरी पूल सुमारे ३५.७७ कोटी रुपये खर्चून १६५ दिवसांत पूर्ण झाला आणि ५ जून २०१७ रोजी, म्हणजे पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी, वाहतुकीस खुला झाला. मधल्या काळात दोन्ही दिशांचा भार या शतकाच्या आरंभी बांधलेल्या एकट्या काँक्रीटच्या पुलाने वाहिला. आता जोडपुलात तोच थोरला आहे. २०१६ पर्यंत सर्वजण ज्याला ‘नवा पूल’ म्हणत होते, त्याला जोडीतील जुना पूल म्हणून वेगळी निगराणी मिळायला हवी, कारण २०१७ च्या पुलाची चमक पाहून त्याचेही वय नजरेआड होऊ शकते.

कोल्हापुरात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. पंचगंगेवरचा १८७० च्या दशकातील शिवाजी पूल वाहतुकीला अपुरा पडत होता म्हणून शेजारी समांतर पूल घेण्यात आला, पण ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित पुरातत्त्वस्थळ जवळ असल्याने आणि अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत बांधकामास कायद्याने मनाई असल्याने तो वर्षानुवर्षे अपूर्ण राहिला. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस जुन्या पुलाचा दगडी कठडा तोडून नदीत पडली आणि १३ जण दगावले. त्यानंतर लोकांचा रोष वाढला, मार्ग निघाला आणि २०१९ मध्ये नवा पूल वापरात आला. वारशाचे रक्षण आवश्यकच आहे, तथापि अर्धवट पूल शेजारी उभा असताना वाहतूक जुन्यावरूनच चालू राहणे हा निर्णय न घेण्याचा परिणाम होता आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर उचललेले एक पाऊल मात्र देशाच्या उपयोगी पडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली आणि राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची प्रथमच एकत्र मोजदाद झाली. तीत १,७२,५१७ बांधकामे नोंदली गेली, त्यांपैकी १,३४,२२९ छोट्या मोऱ्या, ३२,८०६ लहान पूल, ३,६४७ मोठे पूल आणि १,८३५ अतिलांब पूल होते. १४७ पुलांकडे तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे सांगण्यात आले. प्रत्येक पुलाला स्वतंत्र ओळखक्रमांक, अक्षांश-रेखांश आणि स्थितीनुसार गुणांकन देण्याची ही पद्धत आहे. जोडपुलाच्या बाबतीत दोन्ही भागांची नोंद, गुणांकन आणि तपासणी संपूर्णपणे वेगळी ठेवणे हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा उपयोग ठरावा.

बुलढाणा जिल्ह्यात पाऊस महाबळेश्वरच्या मानाने फारच कमी, वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून येथील नद्यांपासून पुलांना धोका नाही असे समजणे चुकीचे ठरेल. घाटावरून उतरणाऱ्या या नद्या बहुतेक वर्षभर रोडावलेल्या असतात आणि एखाद्या ढगफुटीसदृश पावसात काही तासांत पात्र भरून वाहतात. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांनी असाच पूर अनुभवला. अशा नदीच्या पुलाचा विचार वार्षिक सरासरीवरून करता येत नाही. पुलाखालून एका वेळी जास्तीत जास्त किती पाणी निघून जाऊ शकते यावरच तो करावा लागतो. जुन्या पुलाशेजारी नवा पूल घेताना त्याचे खांब जुन्या खांबांच्या रेषेत आहेत की मध्येच, हे येथे निर्णायक ठरते. रेषा चुकली तर एका पुलाच्या खांबांमधून सुटलेला वेगवान झोत दुसऱ्याच्या खांबावर आदळतो, पुरात वाहून आलेली झाडे मध्ये अडकतात, पाण्याची वाट अरुंद होते आणि तळाची धूप वाढते.

येथील जमीनही दोन प्रकारची आहे. घाटाजवळ थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो आणि पाया थेट त्यावर टेकवता येतो. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचे थर काही ठिकाणी तीनशे मीटरहून अधिक जाडीचे आहेत, आणि खारपाणपट्टा म्हणून ओळखला जाणारा भाग याच गाळाचा आहे. तेथे पाषाणापर्यंत पोहोचणे शक्य नसल्याने काँक्रीटची पोकळ विहीर आतून माती उपसत जमिनीत खोलवर उतरवतात आणि तिच्यावर खांब उभा करतात. अशा विहीर-पायाची ताकद भोवतालचा गाळ जागेवर राहण्यावर अवलंबून असते. म्हणूनच पूर्णा आणि खडकपूर्णेच्या पात्रांतील अवैध वाळूउपसा हा महसूल बुडण्यापुरता विषय राहत नाही, आणि पोर्तुगालच्या नदीतील वाळूची हकिकत बुलढाण्याच्या वाचकाला परकी वाटू नये.

जिल्ह्याच्या दक्षिण भागात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा परिसरातून गेलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, ज्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, या दृष्टीने वेगळा आहे. तेथे दोन्ही बाजूंचे पूल एकाच आराखड्यातून, एकाच काळात बांधलेले असल्याने जोडीत थोरला-धाकटा हा भेद नाही. जुन्या महामार्गांवर तो भेद पुढची कित्येक दशके राहणार आहे.

त्या भेदाकडे दुर्लक्ष होऊ नये यासाठी लागणाऱ्या गोष्टी अवघड नाहीत. जोडपुलातील प्रत्येक भागावर बांधणीचे वर्ष, धरलेला भार आणि शेवटच्या तपासणीची तारीख मराठीत ठळक लिहिलेली असावी. प्रत्येक मोठ्या पुरानंतर, पाणी ओसरताच, पायाची खोली मोजली जावी आणि धोक्याच्या पातळीवर पाणी पोहोचल्यावर पूल बंद करण्याचा अधिकार स्थानिक पातळीवरील अधिकाऱ्याकडे स्पष्टपणे असावा. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत आपल्या हद्दीतील जुन्या पुलाच्या तपासणीचा अहवाल लेखी मागावा, आणि तो केवळ कठडा व रस्त्याविषयी असेल तर परत पाठवून पायाचा अहवाल मागावा.